पाठीचं ऑपरेशन, पोटाची काळजी

मणक्याच्या ऑपरेशननंतर पहिलं फर्मान ठरलेलं: "पायाची बोटं हलव बघू." बोटं हलली की आईबापांचा आणि सर्जनचाही जीव भांड्यात पडतो. सिस्टरांचा प्रश्न वेगळा असतो: "गॅस पास झाला का?" नातेवाईक ओशाळून हसतात. राउंडच्या मागे मागे फिरताना मला हा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटू लागला.

स्कोलिओसिसचा बाक काढताना मूल पालथं असतं. पोट मोकळं राहावं म्हणून छाती आणि कंबरेच्या हाडांखाली उशा देतात. मणक्यांत स्क्रू, त्यांना जोडणारे दोन रॉड, मग कणा हळूहळू सरळ करायचा. काम कित्येक तास चालतं, रक्त बरंच जातं, रक्तदाब उतरू शकतो. स्वादुपिंड कमरेच्या वरच्या मणक्यांच्या अगदी पुढ्यात बसलेलं. रक्तपुरवठा कमी पडला की ते बिथरू शकतं, त्याला सूज येते: पॅन्क्रिएटायटिस. त्यात लांबलेला उपास. तरी प्रत्येक मुलात नेमकं कारण सापडतंच असं नाही. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांना धोका अधिक. बरीचशी मुळातच हडकुळी, आणि रॉड अनेकदा थेट कंबरेच्या हाडापर्यंत न्यावे लागतात.

अशाच एका मुलाची आई तिसऱ्या दिवशी म्हणाली, "डॉक्टर, हे पाठीचं कण्हणं नाही. मला कळतं त्याचं." मुलाला बोलता येत नव्हतं. पोट टम्म, नाकातल्या नळीतून हिरवं पाणी. ऑपरेशननंतर आतडी सुस्तावतातच, मॉर्फिनने आणखी. म्हणून 'होतं असं' म्हणून पुढे जाण्याची सवय लागते. ही सवय मला धोक्याची वाटते. कणा सरळ झाल्यावर लहान आतड्याची सुरुवात दोन रक्तवाहिन्यांच्या कात्रीत सापडते, तोही एक संशय असतो. निवासी डॉक्टरने रक्तातलं लायपेझ, म्हणजे स्वादुपिंडाचं पाचक एन्झाइम, तपासायला पाठवलं. आकडा वरच्या मर्यादेच्या 3 पटींहून जास्त! स्वादुपिंडाच्या सुजेला साजेशी पोटदुखी, 3 पटींवरचं लायपेझ किंवा अमायलेझ (दुसरं पाचक एन्झाइम), सोनोग्राफी-सीटीत दिसणारी स्वादुपिंडाची सूज, यांतल्या 2 गोष्टी जुळल्या की पॅन्क्रिएटायटिसचं निदान पक्कं. एकट्या अमायलेझवर विसंबू नये. ते लाळग्रंथींतूनही येतं.

उपचारात चमत्कार नाही. सलाइन, वेदनाशामक, लघवीचं माप. बदललंय ते जेवणाचं. पूर्वी स्वादुपिंडाला विश्रांती म्हणून मुलांना उपाशी ठेवत. आता उलट्या आटोक्यात आल्या की लवकर, लागल्यास नळीनं, भरवायला सुरुवात करतात. पाठीची एवढी मोठी जखम भरायला प्रथिनं लागतात, आणि साध्या सलाइनमध्ये ती नसतात. बहुतेक मुलं यातून सुखरूप बाहेर येतात. मोजक्यांना अतिदक्षता विभाग गाठावा लागतो.

रॉड-स्क्रूंच्या बिलापुढे लायपेझच्या तपासणीचा खर्च किरकोळ आहे. तेव्हा पालकांनो, उलट्या थांबत नसतील, पोट फुगतच असेल, तर "लायपेझ बघितलं का?" एवढं डॉक्टरांना विचाराच. मूल बोलत नसेल तर त्याच्या वतीनं तुम्हालाच बोलावं लागेल.