मधुमेह आणि आखडलेला खांदा

दुकानातील वरच्या फळीवरचा गठ्ठा काढताना खांद्यातून कळ निघते, सदऱ्याच्या बाहीत हात जात नाही, अभिषेकाचा कलश उचलताना हात अर्ध्यावरच थांबतो. आपण दोष ओझ्याला देतो आणि बाम चोळत राहतो. बहुधा चाळिशी ते साठीच्या दरम्यान उद्भवणाऱ्या या विकारास ‘फ्रोझन शोल्डर’ म्हणतात. सर्वसाधारण लोकांत तो शंभरात २ ते ५ जणांना होतो. मधुमेहींत हे प्रमाण १० ते २० सांगितले जाते. म्हणून खांदा आखडला, की रक्तातील साखरही तपासून घ्यावी. काही वेळा मधुमेहाची पहिली वर्दी खांदाच देतो.

वाढलेली साखर सांध्याच्या आवरणातील कोलॅजनला चिकटते आणि आवरण जाड व ताठर होते, असे मानले जाते. आधी वेदना, मग ताठरपणा, शेवटी हळूहळू मोकळीक, असा हा प्रवास १ ते ३ वर्षांचा असतो. मधुमेहींत तो अधिक लांबू शकतो.

वेदना शमविण्यासाठी सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. ते गुणकारी असले, तरी त्यानंतर काही दिवस साखर वाढते. यास्तव मधुमेह असल्याचे अस्थितज्ज्ञांना आधीच सांगावे, एचबीए१सीचा अहवाल दाखवावा आणि पुढील आठवडाभर घरी साखर मोजावी. एकासन, आयंबिल वा चौविहार चालू असल्यास तेही लपवू नये. औषधाची मात्रा आणि वेळ डॉक्टरांनीच ठरवावी. वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत, मूत्रपिंडास अपाय होऊ शकतो. बधिर त्वचेवर गरम शेक घेतल्यास न कळत भाजते.

खरा उपचार म्हणजे नित्य व्यायाम. वाकून हात लोलकासारखा हलविणे, भिंतीवर बोटांनी वर चढत जाणे, काठीच्या आधाराने हात उचलणे हे प्रकार फिजिओथेरपिस्टकडून शिकून रोज थोडे थोडे करावेत. जोराने ओढाताण करू नये आणि हात गळ्यात बांधूनही ठेवू नये. अनेक महिने गुण न आल्यास दुर्बिणीद्वारे आवरण मोकळे करण्याची शस्त्रक्रिया उपलब्ध आहे.

मात्र डाव्या खांद्याच्या दुखण्यासोबत छातीत दडपण, घाम वा धाप असेल, तर व्यायाम नव्हे, तत्काळ रुग्णालय गाठावे. मधुमेहींत हृदयविकार असाही प्रकट होतो.

आवर्ती ठेवीत हप्ता चुकवू नये, तसा या व्यायामाचा एकही दिवस चुकवू नये. हात सावकाश, पण बहुधा बराचसा मोकळा होतो.