टक-टक कुठून येतेय? फुल-सस्पेन्शन सायकलच्या पिव्हटमधला प्ले

आजचा भाग थोडा ग्रीसने माखलेला आहे.

पावसाळा संपल्यावर वेताळ टेकडीवरून उतरताना माझ्या सायकलच्या मागून टक-टक यायला लागली. सीट धरून हळूच उचलली, तर फ्रेम किंचित वर आणि चाक जमिनीवरच. हाच प्ले. मी काय केलं? ॲलन की घेतली आणि मेन पिव्हटचा बोल्ट जीव खाऊन आवळला. आवाज बंद! दोन राइडनंतर परत सुरू. उघडून पाहिलं तर बेअरिंग खरखरत होतं आणि बोल्टचे आटे गेलेले. ऑफिसात बग रिप्रोड्यूस केल्याशिवाय मी कोडला हात लावत नाही, आणि इथे थेट बोल्ट आवळला.

म्हणून आधी शोधा. मित्राला सीट हळूहळू वर-खाली करायला सांगा आणि तुम्ही एकेका सांध्यावर बोट ठेवा. अर्धं बोट एका भागावर, अर्धं दुसऱ्यावर. जिथे ‘टक’ बोटाला जाणवेल, तिथे प्ले. दोन संशयित मात्र पिव्हट नसतातच. एक, मागचा हब: फ्रेम घट्ट धरून फक्त चाक डावी-उजवीकडे हलवा. दुसरा, शॉकच्या दोन्ही टोकांचे बुश. ते झिजले तर अगदी अशीच टक-टक येते, आणि बुश बदलणं तुलनेने सोपं असतं.

पिव्हटच असेल तर बोल्ट काढा, पुसा, बेअरिंग बोटाने फिरवा. गुळगुळीत फिरतंय? मग बोल्ट फक्त सैल झाला होता. आट्यांवर निळं थ्रेडलॉकर लावा आणि टॉर्क रेंचने आवळा. आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधलाच घ्या, प्रत्येक पिव्हटचा वेगळा असू शकतो.

खरखरतंय किंवा अडकतंय? बदला. नंबर सीलवर असतो. उदाहरणार्थ ६९०२, म्हणजे आतला व्यास १५, बाहेरचा २८, जाडी ७ मिलिमीटर. नवीन बसवताना हातोडी नको. लांब बोल्ट, नट आणि योग्य मापाचे वॉशर घेऊन हळूहळू दाबा, आणि दाब फक्त बाहेरच्या रिंगवर. आतल्या रिंगवर दाबलंत तर जोर छर्‍यांवर येतो आणि नवं बेअरिंग बसतानाच खराब होतं.

‘चालतंय की’ म्हणून पुढे ढकलू नका. सैल बेअरिंग फ्रेममधली स्वतःची जागा झिजवत राहतं. ती मोठी झाली की नवं बेअरिंगही घट्ट बसत नाही, आणि मग प्रश्न बेअरिंगचा उरत नाही, फ्रेमचा होतो.

आणि हो, सायकल धुताना प्रेशरचा पाइप पिव्हटवर रोखू नका. पाणी सीलमधून आत जातं, ग्रीस बाहेर येतं.

आज घरी गेल्यावर एकदा सीट उचलून बघा. ‘टक’ आली तर आधी बोट, मग पाना. भेटू पुढच्या भागात!