माडावर चढायला दोर बरा की यंत्र?

कोकण-गोव्यात नारळ पाडायला माणूस मिळत नाही, ही बागायतदारांची नेहमीची तक्रार. गोव्यात या कामगाराला ‘पाडेली’ म्हणतात. उंच जातीचे माड २० मीटरच्या वरही जातात. तिथून हात सुटला तर संपलेच. म्हणून घरातली तरुण मुले या धंद्यात यायला तयार नसतात.

जुनी पद्धत काय?
पायांत दोराचे कडे, कमरेला कोयता आणि अनवाणी चढाई. सरावलेला माणूस झटपट एका माडावरून दुसऱ्यावर जातो. मात्र पडला तर धरणारे काही नसते. काही ठिकाणी खोडाला खाचा पाडतात. त्या जखमांतून सोंड्या भुंग्याला वाट मिळते.

यंत्र कसे चालते?
केरळच्या कण्णूर भागातल्या ‘चेंबेरी’ यंत्रात पाय ठेवायला दोन चौकटी असतात. प्रत्येकीचा पोलादी दोर खोडाभोवती अडकवतात. एका पायावर भार दिला की तो दोर आवळतो; तेवढ्यात दुसरी चौकट हाताने वर सरकवायची. नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये केरळात यंत्राने चढण्याचे प्रशिक्षण सुरू केले.

मग घ्यायचे कोणते?
नवशिक्यांनी यंत्रच घ्यावे, तेही सुरक्षा पट्ट्यासह. पण वाकड्या माडावर ते अडते आणि दर झाडाला काढण्या-बसवण्यात वेळ जातो. मजुरी माडामागे ठरली असेल, तर जाणता माणूस दोरच धरतो. ओल्या खोडावर मात्र दोन्ही घसरतात.

मंडळाची ‘केरा सुरक्षा’ ही अपघात विमा योजना आहे. माणूस वर पाठवण्याआधी पट्टा आणि विमा, दोन्ही विचारा.