जुळ्यांतील एकाची अन्ननलिका

घरात जुळी जन्मली म्हणजे आनंद दुप्पट आणि धांदलही दुप्पट. त्यांतले एक बाळ अंगावर पिऊ लागते. दुसऱ्याच्या तोंडाला मात्र सारखा फेस येतो, दूध पाजताच ते ठसकते, निळे पडते. "जुळ्यांतले नाजूक आहे, घेईल हळूहळू," असे म्हणून घरची वडीलधारी मंडळी मधाचे बोट किंवा घुटी पुढे करतात. घात होतो तो येथेच.

गर्भावस्थेत अन्ननलिका व श्वासनलिका एकाच नळीतून निर्माण होतात. चौथ्या-पाचव्या आठवड्याच्या सुमारास त्या विलग होताना बिघाड झाला, तर अन्ननलिका वरच्या अंगास बंद पिशवीसारखी संपते आणि तिचा खालचा तुकडा बहुधा श्वासनलिकेस जोडलेला राहतो. मग दूध जठरात उतरत नाही, लाळ फुप्फुसात शिरते आणि जठरातील आम्लही वर चढून तेथेच पोहोचते. सुमारे अडीच ते साडेचार हजार जन्मांत असे एक बालक आढळते. जुळ्यांत हे प्रमाण दोन ते तीन पट आहे; तरी एकाच बीजाच्या जुळ्यांतही बहुधा एकासच हा दोष असतो. तेव्हा ग्रहणात आईने काही चिरले काय, किंवा तिच्या माहेरी असे कोणी होते काय, ही चौकशी व्यर्थ होय.

या व्यंगाची पहिली नोंद जुळ्यांचीच आहे. 1670 साली इंग्लंडात विल्यम डर्स्टन यांनी जोडल्या अवस्थेत जन्मलेल्या दोन अर्भकांपैकी एकाच्या बंद अन्ननलिकेचे वर्णन केले. पुढे पावणेतीनशे वर्षे उपाय नव्हता. 1941 साली अमेरिकेत कॅमेरॉन हेट यांनी दोन्ही टोके एकाच शस्त्रक्रियेत सांधून बालक वाचविले. 1994 मधील लंडनच्या एका पाहणीत दीड किलोहून अधिक वजनाची व निर्दोष हृदयाची 97 टक्के बालके जगली. वजन कमी किंवा हृदयदोष यांपैकी एक असता 59, आणि दोन्ही असता 22 टक्के. जुळ्यांचे वजन मुळातच कमी, एवढीच त्यांची खरी अडचण.

दुसरी अडचण निदानाची. बाळाला गर्भजल गिळता येत नसल्याने आईचे पोट फार वाढते. परंतु "जुळी आहेत" म्हणून तिकडे दुर्लक्ष होते. जन्मानंतर तोंडावाटे घातलेली नळी सुमारे दहा सेंटिमीटरवर अडली, तर संशय बळावतो.

कोळारसारख्या गावाहून बीदर गाठावे, आणि तेथून कलबुर्गी, सोलापूर वा हैदराबादेस जाण्याची वेळ आली, तर प्रवासाचीच चिंता अधिक. बाळास तोंडाने काही देऊ नये, डोके उंच ठेवावे, ऊब राखावी आणि लाळ सतत ओढून घेणारी परिचारिका सोबत मागून घ्यावी. आईची तर दुहेरी ओढाताण: एक बाळ रुग्णालयात, दुसरे पदराखाली. तिने दूध काढून ठेवीत राहावे, म्हणजे ते आटत नाही आणि पुढे नळीने आजारी बाळासही देता येते.

शस्त्रक्रियेनंतर सांधा आखडतो, तो पुन्हा रुंद करावा लागतो. घोगरा खोकला काही वर्षे टिकतो. भाकरीचा घास अडकू नये म्हणून ती दुधात वा वरणात कुस्करून द्यावी. भावंडाशी वजनाची तुलना तेवढी टाळावी. घास चावायला या मुलाला वेळ अधिक लागतो.