हात उचलायचा तर आधी पातं हलायला हवं

लकवा झालेल्या माणसाला भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, "बोटं हलतात का?" रबरी चेंडू आणून देणारेही दोन-चार असतातच. पाठीवरच्या त्या तिकोनी हाडाकडे, म्हणजे खांद्याच्या पात्याकडे, मात्र कोणाचं लक्ष जात नाही.

हात सरळ कानाजवळ नेला की साधारण १८० अंशांचा प्रवास होतो. त्यातले सुमारे १२० अंश खांद्याच्या सांध्यात आणि उरलेले ६० पातं फिरल्यामुळे. धडाच्या सांगाड्याशी हे पातं फक्त गळ्याखालच्या आडव्या हाडामार्फत जोडलेलं असतं. बाकी सगळी मदार त्याला चिकटलेल्या १७ स्नायूंवर. लकव्यात हे स्नायू ढिले पडले की पातं खाली घसरतं आणि दंडाचं हाड खोबणीतून थोडं निसटतं. पुढे स्नायू ताठरले, तर पातं जागीच अडकून बसतं. अशात हात वर ओढला, की मधल्या मऊ भागाला चिमटा बसतो. रोबोटच्या हाताचं बूड डळमळीत असेल तर टोकाला अचूकता येत नाही, हे आम्हा इंजिनिअर मंडळींना लगेच पटतं.

वडोदऱ्याच्या माझ्या काकांचा खांदा दुसऱ्या महिन्यात इतका दुखायचा की रात्री कूस बदलता येईना. येणारे-जाणारे मायेनं हात धरून त्यांना उठवत, तेच नडलं होतं. फिजिओथेरपिस्टनी चेंडू बाजूला ठेवला आणि काकूंना पातं हलवायला शिकवलं.

काकांना चांगल्या कुशीवर झोपवायचं, दुखरा हात पुढे उशीवर. काकूंचा एक तळवा पात्यावर, दुसऱ्या हातानं दंडाला आधार. मग पातं सावकाश वर, खाली, पुढे आणि मागे मणक्याकडे सरकवायचं. कणीक मळायला लागतो त्याच्या निम्मासुद्धा जोर नको. काही दिवसांनी काकांनी स्वतःही थोडा जोर लावायचा, काकूंनी तेवढा कमी करायचा. बसता येऊ लागल्यावर दोन्ही पाती मागे एकमेकांकडे आणून पाच अंक मोजायचे. इथं खांदे कानांकडे चढतात आणि माणूस श्वास रोखतो. दोन्ही टाळायचं, रक्तदाब असेल तर विशेष. टेबलावर नॅपकिन ठेवून, बोटं गुंफून, दोन्ही हात पुढे सरकवणं काकांना सगळ्यात आवडलं. टेबल पुसायचं काम त्यांनी जन्मात केलं नव्हतं!

चार महिन्यांनी हात कपाटाच्या वरच्या खणापर्यंत जात नाही, पण सदऱ्याच्या बाहीत आपला आपण जातो. रात्रीची झोपही लागते.

प्रत्येकाचा हात वेगळा, म्हणून व्यायाम आपल्या थेरपिस्टला विचारूनच ठरवा. डोक्यावर कप्पी टांगून लुळा हात दोरीनं ओढणं टाळा. उठवताना काखेत हात घालू नका, खुर्चीत बसवल्यावर हात लोंबकळत न ठेवता उशीवर ठेवा. ताण जाणवला तर चालेल, कळ आली की तिथंच थांबा.