एफ-टू दाबल्यावर काय होतं?

ऊस आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांच्यामुळे बारामतीचं नाव हल्ली संगणकाच्या जगात जाऊन पोचलंय. ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या ऊसशेतीतल्या प्रयोगामागे मायक्रोसॉफ्टची यंत्रणा आहे. त्याच कंपनीचा २०१५ साली आलेला व्हीएस कोड हा प्रोग्रॅम लिहायचा एडिटर मात्र कौतुकाविना राहतो. भिगवण रस्त्यावरच्या विद्यानगरीत तो माहीत नसलेला पोरगा सापडणं कठीण, पण त्याच्या पोटात काय चालतं हे सहसा कुणी बघत नाही.

समजा, गुंठ्यांचे एकर करणारा छोटा प्रोग्रॅम लिहायचाय. पायथन ३ या भाषेत व्हेरिएबलला चक्क ‘क्षेत्र’ असं नाव देता येतं. (आकडे तेवढे इंग्रजी हवेत, मराठी ६० लिहिलं की पायथन अडतं.) क्षेत्र भागिले ४०, झाला एकर. आता ‘क्षेत्र’ बदलून ‘गुंठे’ करायचंय. शोधा-बदला वापरलं, तर ‘कार्यक्षेत्र’चं ‘कार्यगुंठे’ होऊन बसेल. त्याऐवजी नावावर कर्सर ठेवून एफ-टू दाबा. नेमकं तेच व्हेरिएबल जिथे जिथे आहे, तिथेच नाव बदलतं.

गंमत अशी, की एडिटरला स्वतःला पायथन येतच नाही! पायथनचं एक्स्टेन्शन, म्हणजे जोड-प्रोग्रॅम, टाकलं की पडद्याआड एक वेगळा प्रोग्रॅम सुरू होतो. तुम्ही अक्षर टाइप केलं की एडिटर त्याला बदल कळवतो. एफ-टू दाबल्यावर विचारतो, ‘अमुक ओळ, अमुक जागा, इथल्या नावाचं काय करू?’ ही जागा मोजायची रीतही बघण्यासारखी. ‘क्षेत्र’ आपल्याला दोन अक्षरांचं दिसतं, पण यंत्र सात मोजतं: क, हलन्त, ष, मात्रा, त, हलन्त, र. हाच शब्द डिस्कवर सहसा एकवीस बाइट घेतो.

त्याहून अवघड काम पुढेच. टाइप करताना कोड बहुतेक वेळ अर्धवटच असतो: कंस उघडा, ओळ तुटलेली. असा कोड चालवायला गेलात तर पायथन सरळ नकार देतं. पडद्याआडचा हा प्रोग्रॅम मात्र तुटक्या ओळीतूनही वाक्यरचनेचा सांगाडा उभा करतो आणि तुम्हाला पुढे काय लिहायचं असेल ते सुचवतो.

पूर्वी प्रत्येक एडिटरसाठी प्रत्येक भाषेची जोडणी वेगळी लिहावी लागे. दहा एडिटर, वीस भाषा, म्हणजे दोनशे जोडण्या. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्ट, रेड हॅट आणि कोडेन्व्ही यांनी एडिटर आणि पडद्याआडचा प्रोग्रॅम यांच्यातल्या संवादाचे नियमच जाहीर केले. प्रत्येक एडिटरने आणि प्रत्येक भाषेने ते एकदाच पाळायचे, त्यामुळे दोनशेचं काम तिसावर आलं. माझ्या मते एडिटरच्या इतिहासातली ही सगळ्यांत शहाणी तडजोड.

एक सांगून ठेवतो. व्हीएस कोडमधलं एक्स्टेन्शन तुमच्याच अधिकाराने चालतं. तुम्हाला वाचता येणाऱ्या फाइली त्यालाही वाचता येतात. तेव्हा टाकण्याआधी ते कुणी बनवलंय ते बघा आणि वापरात नसलेली काढून टाका.