तारेवांचून ईथरनेट

आकाशवाणीच्या केंद्रावरून निघालेल्या लहरी कंदिलाच्या उजेडाप्रमाणें चोहोंकडे फांकतात. मोटारीच्या दिव्यामागें मात्र आरसा असतो. म्हणून लहानसा दिवाही दूरवर झोत टाकतो. दोनच ठिकाणें एकमेकांशीं जोडावयाचीं असतील, तर तेथें कंदील नको, झोतच हवा.

पुणें जिल्ह्याला हें तत्त्व नवें नाहीं. १९२७ सालीं हिंदुस्थान व इंग्लंड यांच्यामध्यें जी ‘बीम’ बिनतारी सेवा सुरू झाली, तिचें प्रेषणकेंद्र खडकीस आणि ग्रहणकेंद्र दौंडला होतें. जवळच्या प्रेषकाच्या गर्जनेंत सातासमुद्रांपलीकडचा क्षीण स्वर बुडून जाऊं नये, यासाठीं बोलण्याची व ऐकण्याची जागा अशी दूर ठेवावी लागते. त्या लघुलहरी वरच्या वातावरणावर आपटून पुन्हां खालीं येत. म्हणून पृथ्वीची गोलाई त्यांना आडवी आली नाहीं.

आतां दौंडशेजारच्या शिरूर तालुक्यांतील कारेगांव घ्या. तेथील एका शाळेंत इंटरनेट आहे आणि दहा किलोमीटरांवरील दुसऱ्या शाळेंत तें नाहीं, असें समजा. संगणक जोडणारी ईथरनेटची तांब्याची तार शंभर मीटरांपर्यंतच भरंवशाची. एवढा लांब चर खणून कांचतंतूची तार पुरावी, तर खर्च व परवानग्या दोन्ही आल्या. अशा वेळीं दोन्ही छपरांवर एकेक थाळी बसवून बिनतारी सांधा जुळवितां येतो. ‘ईथरनेट’ हें नांव १९७३ सालीं अमेरिकेंत ठेवलें गेलें, तें प्रकाशवाहक मानल्या गेलेल्या ‘ईथर’ या कल्पित द्रव्यावरून. तेव्हां तारेंतील ईथरनेट पुन्हां आकाशांत जावें, हें नांवास शोभणारेंच आहे.

या कामीं सामान्यतः ५.८ गिगाहर्ट्‌झच्या लहरी वापरतात. त्यांची लांबी सुमारें पांच सेंटिमीटर. त्या सरळ जातात. म्हणून एका थाळीवरून दुसरी दिसली पाहिजे. पण केवळ दिसणें पुरेसें नाहीं. झोत दोरीसारखा नसून मध्यें फुगलेल्या वातीसारखा असतो. दहा किलोमीटरांच्या मध्यावर या फुगवट्याची त्रिज्या सुमारें साडेअकरा मीटर भरते. तींतील निदान सात मीटर मोकळे हवेत. पृथ्वीच्या गोलाईचे दीड मीटर निराळे. वाटेंत दहा मीटर उंचीचीं झाडें असलीं, तर सपाट मुलखांत दोन्ही थाळ्या साडेअठरा मीटरांवर चढवाव्या लागतात. शिवाय झाडें वाढतात! वैशाखांत उत्तम चाललेला सांधा श्रावणांत ओल्या, दाट पानांमुळें रुसतो, तो याच कारणानें.

उंची साधल्यावर नेम. एकानें थाळी केसभर फिरवावी, दुसऱ्यानें यंत्रावरील आंकडा वाचावा. आधीं डावी-उजवी, मग वर-खालीं. खांब वाऱ्यानें हलला कीं सर्व श्रम वाया. त्यानंतर यंत्राला अंतर सांगावें लागतें. प्रत्येक संदेशाची पोच यावी अशी या यंत्रांची रीत. दहा किलोमीटर जाऊन परत येण्यास लहरीला सेकंदाच्या दहालक्षांश भागांपैकीं सदुसष्ट भाग लागतात. घरगुती यंत्र इतकें थांबत नाहीं. तें उतावळ्या माणसासारखें तेंच पत्र पुन्हां पाठवितें आणि वाहतूक मंदावते.

उंच खांबाला विजेचें भय असतें. म्हणून वीजरोधक व जमिनींत चांगली पुरलेली तार यांत काटकसर नको. ५ गिगाहर्ट्‌झच्या कांहीं पट्ट्यांस भारत सरकारनें २०१८ सालीं परवान्याची अट काढली; तथापि शक्तीची मर्यादा कायम आहे. झाडी फारच दाट असल्यास अधिक लांबीच्या लहरी बऱ्या. मुंबईच्या आय. आय. टी.नें पालघर जिल्ह्यांतील कांहीं गांवांत दूरदर्शनच्या रिकाम्या पट्ट्यांतील लहरींचा असाच प्रयोग केला आहे.

सांधा जुळत नाहीं, म्हणून पुष्कळ लोक अधिक शक्तीचें यंत्र मागवितात. त्यापूर्वीं एकदां छपरावर चढून वाट न्याहाळावी. आड आलेलें झाड शक्तीला दबत नाहीं. चार मीटर उंचीला मात्र दबतें. ही गोष्ट वेळींच ध्यानांत आली, तर दुसऱ्या शाळेंतील मुलांचें एक वर्ष वांचेल.